विश्लेषण : व्हेप तोंडात ओढायचा की थेट छातीत? ‘पद्धती’च्या आड दडलेला निकोटीनचा हिशेब

ब्रिटनमधल्या जाणकार व्हेप विक्रेत्याकडे नवखा ग्राहक गेला, तर त्याला आधी विचारले जाते, ‘दिवसाला किती सिगारेट ओढता?’ भारतात हीच वस्तू चोरून विकणारा आधी विचारतो, ‘फ्लेवर कोणता देऊ?’ पहिल्या प्रश्नात मात्रेचा हिशेब आहे. दुसऱ्यात फक्त चवीचा. व्हेपिंग सुरू करणाऱ्यांना पडणारा ‘एमटीएल घेऊ की डीटीएल?’ हा प्रश्न या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतो. तो आवडीनिवडीचा वाटतो, पण त्याचे उत्तर शेवटी शरीरात किती निकोटीन जाणार हेच ठरवते. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. तरीही परदेशात शिकायला गेलेली मुले, त्यांचे इथले पालक आणि महाविद्यालयाच्या कट्ट्यावर पेनसारखी चकचकीत वस्तू हातात पडलेले तरुण, अशा तिघांनाही हा हिशेब माहीत असायला हवा.

एमटीएल आणि डीटीएल म्हणजे काय?

‘माउथ टू लंग’ म्हणजे एमटीएल. झुरका आधी तोंडात घ्यायचा, क्षणभर थांबायचे आणि मग श्वासाबरोबर आत ओढायचा. सिगारेट आणि विडी याच पद्धतीने ओढली जाते. ‘डायरेक्ट टू लंग’ म्हणजे डीटीएल. यात तोंडात थांबा नाही, श्वास घ्यावा तसे थेट छातीत. हुक्का ज्याने ओढला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन्हींच्या मधला ‘रिस्ट्रिक्टेड डीटीएल’ नावाचा एक प्रकारही आहे. त्यात हवेचा मार्ग थोडा आवळलेला असतो, एवढाच फरक.

ही निवड ओढणारा करतो असे वाटते, पण ती बरीचशी उपकरणानेच करून ठेवलेली असते. एमटीएल उपकरणात हवेचे छिद्र बारीक असते, त्यामुळे झुरका ‘घट्ट’ लागतो. डीटीएलच्या टाकीला रुंद झरोके असतात. घट्ट उपकरणातून छातीभर श्वास ओढायचा प्रयत्न केला तर गाल आत जातात, हाती काही लागत नाही. रुंद उपकरणातून सिगारेटसारखा छोटा झुरका घेतला तर बेचव, पातळ वाफ येते. नवखा माणूस खोकतो तेव्हा बहुतेकदा दोष त्याच्या घशाचा नसून उपकरण, लिक्विड आणि ओढण्याची सवय यांचा मेळ बसलेला नसतो.

जिला सगळे वाफ म्हणतात ती पाण्याची वाफ नाही, हेही इथेच सांगायला हवे. प्रॉपिलिन ग्लायकॉल, म्हणजे पीजी, आणि वनस्पतिजन्य ग्लिसरीन, म्हणजे व्हीजी, या दोन द्रवांच्या मिश्रणात निकोटीन आणि चवीची रसायने विरघळवलेली असतात. कॉइल तापली की कापसात मुरलेले हे मिश्रण उडते आणि हवेत येताच त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात. पीजी पातळ असते, चव नीट पोहोचवते आणि घशाला टोचते. व्हीजी घट्ट, किंचित गोड असते आणि ढग दाट करते. म्हणून एमटीएलसाठी साधारण निम्मे-निम्मे मिश्रण वापरतात आणि डीटीएलसाठी सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक व्हीजी. दाट लिक्विड बारीक पॉडमध्ये भरले तर ते कापसात वेळेवर मुरत नाही, कोरडा कापूस करपतो आणि जळका झुरका बसतो. हा झुरका चवीपुरता वाईट नसतो. मिश्रण प्रमाणाबाहेर तापले की त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. नवी कॉइल बसवल्यावर तिच्यावर काही थेंब टाकून दहा मिनिटे थांबायला सांगतात ते यासाठीच.

ओहमचा नियम इथे काय करतो?

बारावीच्या विज्ञानात शिकलेले एक सूत्र इथे कामी येते. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. साध्या लिथियम सेलचे व्होल्टेज ३.७ धरू. एमटीएलची कॉइल साधारण एक ओहमच्या वर असते, ती १.२ ओहमची असेल तर शक्ती ११.४ वॅट येते, म्हणजे घरातल्या एलईडी बल्बच्या आसपास. डीटीएलची कॉइल एक ओहमच्या खाली असते, म्हणूनच तिला ‘सब-ओहम’ म्हणतात. ती ०.२ ओहमची असेल तर त्याच सेलवर शक्ती ६८ वॅटच्या पुढे जाते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातले साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. तोंडाला लावायच्या वस्तूत जवळजवळ तीन सोल्डरिंग आयर्नची शक्ती आहे, हे एकदा डोळ्यांसमोर आणले की ‘दोन पद्धती आहेत, आवडेल ती घ्या’ हे वाक्य तितकेसे साधे राहत नाही.

विद्युतप्रवाहाचे गणितही तसेच. १.२ ओहमच्या कॉइलमधून तीन अँपिअर वाहतात, ०.२ ओहमच्या कॉइलमधून साडेअठरा. सेल पूर्ण चार्ज असेल, म्हणजे ४.२ व्होल्टला, तर २१ अँपिअर. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले किंवा बनावट आवरण चढवलेले सेल एवढा प्रवाह देण्यासाठी बनवलेलेच नसतात. नियंत्रित उपकरणात चिप असते, ती शक्ती मर्यादेत ठेवते आणि शॉर्टसर्किट झाल्यास वीज तोडते. ‘मेकॅनिकल मॉड’ नावाच्या नळकांड्यात चिप नसते. सेल, कळ आणि कॉइल यांची थेट गाठ असते. ओहमचा हिशेब ज्याला जमत नाही त्याने याला हात लावू नये, असे या क्षेत्रातले मुरलेले लोकही सांगतात. खिशात किल्ल्या आणि सुटा सेल एकत्र ठेवल्याने जांघ भाजलेल्यांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

जास्त शक्ती म्हणजे दर झुरक्याला जास्त लिक्विड उडणार. त्यात डीटीएलमध्ये झुरका नसतोच, पूर्ण श्वास असतो, आणि शांत बसलेल्या माणसाचा एक श्वासही साधारण अर्ध्या लिटरचा असतो. मग या पद्धतीत निकोटीनची तीव्रता एमटीएलइतकीच ठेवली तर डोके गरगरते, मळमळते, हृदयाचे ठोके वाढतात. म्हणून डीटीएलसाठी पातळ लिक्विड वापरतात, बहुधा ३ ते ६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. एमटीएलसाठी १० ते २०. बाटलीवरचा छोटा आकडा पाहून नवख्याचा घोटाळा होतो तो इथेच.

‘तीन मिलिग्रॅम’ म्हणजे सौम्य?

नाही. बाटलीवरचा आकडा तीव्रता सांगतो, मात्रा नव्हे. चहात साखर किती विरघळली आहे हे चवीवरून कळते, पण दिवसाला पोटात साखर किती गेली हे कपांच्या संख्येवर ठरते. समजा, एक जण एमटीएल पॉडमध्ये २० मिलिग्रॅमचे लिक्विड दिवसाला दोन मिलिलिटर वापरतो. त्याने ४० मिलिग्रॅम निकोटीन उडवले. दुसरा डीटीएलवर ‘फक्त ३’चे लिक्विड वापरतो, पण त्याची टाकी दिवसाला दहा मिलिलिटर पिते. त्याने ३० मिलिग्रॅम उडवले. दोन्ही आकडे जवळपास एकाच घरातले आहेत. उडवलेले सगळे निकोटीन शरीरात शोषले जात नाही, हे खरे. एका सिगारेटमधून साधारण एक ते दीड मिलिग्रॅम शरीरात जाते, तेव्हा थेट तुलना करताना हात आखडता घ्यावा लागतो. तरी ‘तीनचेच आहे, हलके आहे’ हा समज या साध्या गुणाकारापुढे टिकत नाही. शिवाय दुसऱ्या माणसाने त्याच निकोटीनसाठी पाचपट ग्लिसरीन आणि पाचपट चवीची रसायने छातीत घेतली आहेत.

यावर ‘मग तो कमी ओढेल’ असे उत्तर दिले जाते. प्रत्यक्षात निकोटीनची सवय जडलेला मेंदू आपला कोटा पूर्ण करून घेतो. कमी तीव्रतेचे लिक्विड मिळालेल्यांनी अधिक लांब आणि अधिक वेळा झुरके घेऊन भरपाई केल्याचे लंडनमधल्या संशोधकांच्या अभ्यासात दिसले. ‘लाइट’ सिगारेटच्या बाबतीत हेच पूर्वी घडले होते.

‘तीन’ हा आकडा आला कुठून, याची गोष्टही गमतीची आहे. ब्रिटनच्या २०१६च्या नियमांनुसार निकोटीनयुक्त लिक्विडची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी असता कामा नये, टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी असता कामा नये आणि तीव्रता २० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. दिवसाला दहा मिलिलिटर लागणाऱ्याला रोज एक बाटली परवडेना. मग बाजाराने पळवाट काढली. ५० मिलिलिटर निकोटीनरहित लिक्विड मोठ्या बाटलीत विकायचे, कारण नियम फक्त निकोटीनयुक्त लिक्विडला लागू होतो, आणि सोबत १८ मिलिग्रॅम तीव्रतेची १० मिलिलिटरची छोटी बाटली द्यायची. दोन्ही एकत्र केले की ६० मिलिलिटरमध्ये १८० मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर ३ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. आरोग्याचा सल्ला वाटणारा हा आकडा निम्मा बाटल्यांच्या मापातून आला आहे.

आता या पद्धतीच्या खिशालाही कात्री लागणार आहे. १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलिटरमागे २.२० पौंड कर घेण्याचे ब्रिटिश सरकारने जाहीर केले आहे. कर तीव्रतेवर नसून आकारमानावर आहे. पॉडवर दिवसाला दोन मिलिलिटर वापरणाऱ्याला पाच दिवसांत जो कर पडेल, तो ढग उडवणाऱ्याला रोज पडेल. शिक्षणकर्ज घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याने हा हिशेब रुपयांत करून पाहावा.

घसा टोचत नाही, हे चांगले की वाईट?

२०१५ मध्ये अमेरिकेत ‘जूल’ बाजारात आली आणि चित्र बदलले. तोपर्यंत लिक्विडमधले निकोटीन आम्लारीधर्मी होते. तीव्रता वाढवली की घसा इतका टोचे की नवखा माणूस आपोआप थांबे. जूलने त्यात बेंझोइक आम्ल घालून ‘निकोटीन सॉल्ट’ वापरले. टोचणी गेली, निकोटीन राहिले. जूलच्या पाच टक्क्यांच्या पॉडमध्ये मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅम तीव्रता होती आणि पॉड होता अवघ्या ०.७ मिलिलिटरचा. म्हणजे पेन ड्राइव्हएवढ्या वस्तूत ४१ मिलिग्रॅम.

वीस वर्षे सिगारेट ओढलेल्या माणसासाठी हा शोध उपयोगाचा होता, कारण सिगारेटची तल्लफ भागवेल इतक्या वेगाने निकोटीन त्याला मिळू लागले. ज्याने कधी सिगारेट हातात धरली नव्हती त्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी हाच शोध घातक ठरला. खोकला हा शरीराचा दाराशी बसलेला पहारेकरी आहे. आंबा, पुदिना, बर्फाळ कलिंगड अशा चवी आणि सॉल्ट निकोटीन यांनी मिळून त्याला झोपवले. अमेरिकेतल्या शाळांत व्हेपिंगची लाट आली ती ढग उडवणाऱ्या मोठ्या उपकरणांमुळे नव्हे. ती आली या शांत, घट्ट झुरक्याच्या, एमटीएल पद्धतीच्या छोट्या वस्तूमुळे. ‘एमटीएल नवख्यांसाठी योग्य’ असे सरसकट सांगणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवलेला बरा.

मग ब्रिटन लोकांना व्हेप का वाटतो?

कारण तिथे नवखा म्हणजे व्हेपिंगमध्ये नवखा आणि धूम्रपानात मुरलेला, असे गृहीत धरले आहे. एप्रिल २०२३ मध्ये इंग्लंडने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचा प्राथमिक संच देण्याची ‘स्वॅप टू स्टॉप’ योजना जाहीर केली. तिच्यामागे पुरावा आहे. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत धूम्रपान सोडू इच्छिणारे ८८६ जण होते. वर्षभरानंतर ई-सिगारेट मिळालेल्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून दूर होते; निकोटीनचे च्युइंगम, पट्ट्या वगैरे मिळालेल्यांपैकी ९.९ टक्के. दोन्ही गटांना समुपदेशनही होते. कोक्रेन या संस्थेच्या व्यापक आढाव्याचाही निष्कर्ष याच बाजूचा आहे.

याच चाचणीतला दुसरा आकडा मात्र कमी सांगितला जातो. सिगारेट सुटलेल्यांपैकी ई-सिगारेट गटातले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. च्युइंगम-पट्टी गटात असे फक्त ९ टक्के. सिगारेट गेली, निकोटीन राहिले. फुप्फुसातला डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळला, हा फायदा मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याला व्यसनमुक्ती म्हणणे ही शब्दांची उधळपट्टी झाली.

अशा धूम्रपान करणाऱ्याला तिथे दिला जाणारा सल्ला साधा आहे. घट्ट झुरक्याचा, पुन्हा भरता येणारा पॉड. सिगारेटच्या सवयीइतकी तीव्रता. आणि पुढे हळूहळू उतरती पायरी. सुरुवातीलाच कमी तीव्रता घेतली तर तल्लफ भागत नाही आणि माणूस दोन्ही ओढू लागतो. या दुहेरी वापरात फायदा जवळजवळ उरत नाही. ओढण्याचा वेगही वेगळा लागतो. सिगारेटचे झुरके भराभर घेतात, ती संपते आणि माणूस थांबतो. व्हेप संपत नाही. त्यावर लांब, सावकाश झुरका घ्यायचा असतो आणि कुठे थांबायचे हे स्वतःच ठरवायचे असते. बहुतेकांना नेमके तेच जमत नाही. सिगारेटच्या पाकिटाने दिलेली वीसची मोजणी इथे नसते.

एकदाच वापरून फेकायच्या व्हेपवर ब्रिटनने १ जून २०२५ पासून बंदी घातली. दर आठवड्याला असे जवळपास ५० लाख व्हेप फेकले जात असल्याचा अंदाज तिथल्या ‘मटेरियल फोकस’ या संस्थेने २०२३ मध्ये दिला होता. प्रत्येकात पुन्हा चार्ज होऊ शकणारा चांगला लिथियम सेल. अभियांत्रिकीच्या दृष्टीने याहून निर्बुद्ध वस्तू शोधून सापडणार नाही.

कधीच न ओढलेल्याने काय घ्यावे?

काहीही नाही. या प्रश्नाला दुसरे उत्तर नाही आणि ते लांबवण्याचीही गरज नाही. तुलना सिगारेटशी असते तेव्हा व्हेप जिंकतो. तुलना स्वच्छ हवेशी असते तेव्हा तो हरतो. ब्रिटनची सार्वजनिक आरोग्य यंत्रणाही न ओढणाऱ्यांनी व्हेप सुरू करू नये असेच सांगते. ‘शून्य निकोटीनचा घेतो, नुसते ढग’ म्हणणाऱ्याने त्या बाटलीवर विश्वास कोणाच्या भरवशावर ठेवला, हे स्वतःला विचारावे. भारतात तर तो प्रश्न टाळताच येत नाही.

भारतात कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदी घातलेल्या गोष्टींच्या यादीत ‘वापर’ हा शब्द नाही, आणि त्यावर बोट ठेवून ‘ओढणे गुन्हा नाही’ असा प्रचार होतो. कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात बाळगणे हेही कायद्याचे उल्लंघन आहे, अशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची भूमिका आहे. लंडन किंवा दुबईहून येताना बॅगेत टाकलेला एक पॉड ‘स्वतःसाठी’ असला तरी देशात आणणे ही आयात ठरू शकते. वाटेत सिंगापूरला उतरणाऱ्यांनी तर अधिक जपावे. तिथे २०१८ पासून व्हेप बाळगणे आणि ओढणे दोन्ही गुन्हा आहे आणि २०२५ मध्ये शिक्षा आणखी कडक झाली.

बंदीमुळे वस्तू दुर्मीळ झाली का, हे कोणत्याही मोठ्या शहरातल्या महाविद्यालयीन मुलाला विचारावे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली तेव्हाही पुडी गेली नाही, काउंटरच्या वरून खाली गेली. पण गुटखा खाणाऱ्याला तो काय खातो हे निदान माहीत असते. व्हेपच्या चोरट्या बाजारात तेही नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक उत्पादनाची नोंदणी लागते, लिक्विडमध्ये जीवनसत्त्वे, कॅफिन आणि रंग घालायला मनाई आहे, तीव्रतेला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ब्रिटनबाहेरच्या बाजारासाठी बनणाऱ्या अनेक डिस्पोजेबलवर मात्र ‘पाच टक्के’ असे छापलेले असते, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या आसपास, ब्रिटनच्या मर्यादेच्या अडीचपट. तेही छापलेले खरे असेल तर. ‘पाच टक्के’ हा आकडा पाहून ‘पंच्याण्णव टक्के तर काहीच नाही’ असे समजणारे महाभागही आहेत.

न तपासलेले लिक्विड काय करू शकते हे अमेरिकेने २०१९ मध्ये पाहिले. फुप्फुसाच्या तीव्र इजेने फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले. त्यांतले मृत्यू ६८. संशयाची मुख्य सुई व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर स्थिरावली. गांजाचा अर्क असलेल्या, बहुतेक अनधिकृत मार्गाने घेतलेल्या काडतुसांत ते दाटपणासाठी मिसळलेले होते. पद्धत एमटीएल होती की डीटीएल, याने तिथे फरक पडला नाही. बाटलीत काय आहे ते कोणी पाहिले नव्हते, याने पडला.

महाराष्ट्राचे दुखणे वेगळे कसे?

‘बंदी उठवा, ब्रिटनसारखे करा’ या मागणीला महाराष्ट्रातला एक आकडा अडतो. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, पण ओढणारे फक्त ३.८ टक्के आहेत. धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला तंबाखू छातीत जात नाही, गालात बसतो. चुना-तंबाखूची चिमूट, सकाळची मशेरी, विदर्भातला खर्रा. सिगारेटच्या धुराऐवजी वाफ, हा ब्रिटनचा सौदा या माणसांना लागूच होत नाही. मशेरी लावणाऱ्या बाईच्या हाती पॉड देऊन तिच्या तोंडाचा कर्करोग टळेल, असे कोणी म्हणणार नाही. म्हणून इथे व्हेपचा गिऱ्हाईक बहुधा सिगारेट सोडणारा पन्नाशीचा माणूस नसतो. तो असतो आधी काहीच न ओढलेला विशीतला मुलगा किंवा मुलगी. २०१८ मध्ये राज्याने हुक्का पार्लरवर बंदी घातली. तिथली पिढी छातीभर ओढायला आधीच शिकलेली होती.

तेव्हा बंदीच्या बाजूने सरकारकडे चांगला युक्तिवाद आहे. वाईट आहे ते बंदी घालून हात झटकणे. विडी-सिगारेट कोपऱ्यावर सुटी मिळते आणि ती सोडण्याची मदत कुठे मिळते हे त्याच कोपऱ्यावरच्या कोणाला सांगता येत नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११२-३५६ हा क्रमांक पाकिटावर छापलेला असतो, पण सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही. औषधांच्या दुकानात २ मिलिग्रॅमचे निकोटीन च्युइंगम चिठ्ठीशिवाय मिळते. ते कसे वापरायचे हे दुकानदार सहसा सांगत नाही. व्हेपच्या झुरक्यावर तासन् तास चर्चा होते. जी वस्तू कायदेशीर आहे तिची पद्धत मात्र कोणी समजावून सांगत नाही.

ती अशी. च्युइंगम साध्या गमसारखे भराभर चावायचे नाही. सावकाश चावत तिखट झिणझिणी आली की थांबायचे आणि ते गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचे. झिणझिणी गेली की पुन्हा थोडे चावायचे, जागा बदलायची. असे अर्धा तास. भराभर चावून लाळ गिळली तर निकोटीन पोटात जाते, उचकी लागते, जळजळते आणि तल्लफ तशीच राहते. मग माणूस ‘याने काही होत नाही’ म्हणून टपरीकडे वळतो. आधीची पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत टाळायचे, कारण आम्लामुळे निकोटीन नीट शोषले जात नाही. गालात चिमूट धरून बसण्याची सवय असलेल्याला हे तंत्र शिकायला दोन मिनिटेही लागत नाहीत.